अदबीचा चहा

पोलीस ॲक्शननंतर निजामाच्या एका अंमलदाराचं सामान शहागंजाच्या बाजारात विकायला निघालं. त्यातल्या चिनी मातीच्या दोन सारख्या किटल्या आमचे दाजी काकासाहेब घेऊन आले आणि आक्काच्या नशिबी अदब आली. पातेल्यातून चहा ओतणं दाजींना आता गावंढळ वाटायला लागलं. दुसरी किटली त्यांनी लेकीला, चतुराला, आंदणात दिली.

चतुराच्या लग्नात मात्र व्याही बद्रीनाथ दुसऱ्या पंगतीला बसले. दाजींची चूक. तेव्हापासून व्याही फुगलेले आणि पोरगी एकदाही माहेरी आलेली नाही. पंचमी तोंडावर आली, आक्काचा जीव लेकीसाठी तुटत होता, आणि त्यातच पैठणहून व्याही स्वतः घरी आले.

"हळू वत. अदबीनं," दाजी आक्काच्या कानात कुजबुजले.

आक्कानं किटली अदबीनं कलती केली. हळू सोडलेला चहा कपात पडतो थोडाच! तो तोटीच्या ओठाला बिलगला, खालून वळला, किटलीच्या पोटावरून घसरला आणि व्याह्यांच्या धोतरावर उतरला.

"हळू म्हणलं ना!"

आक्कानं आणखी हळू ओतला. कप कोरडा, व्याह्यांचा दुसरा गुडघाही ओला.

"निघतो आमी," व्याही उठले.

"अगं, अजून हळू!" दाजी ओरडले.

आक्काचं टाळकं सरकलं. "काय हळू हळू लावलंय मघापासून? आन् व्याहीबुवा, तुमी बसा! चा पिल्याबिगर कुठं निघालात?" असं म्हणत तिनं रागारागात किटली उचलून एकदम वाकडी केली. धार तोटीपासून सुटली ती थेट कपात. बशीतसुद्धा थेंब नाही.

व्याही मटकन बसले आणि कपाकडं बघतच राहिले.

"विहीणबाई, सूनबाई बी त्या किटलीतून अशीच हळू वतती आन् रोज माझ्या धोतरावर चा सांडती. मी म्हणायचो, पोरीला वळण नाय." मग आवाज खाली आला. "लई घाबरती व्हय मला?"

आक्कानं पदर डोळ्यांना लावला.

"पंचमीला धाडतो," व्याही म्हणाले. "तुमच्यावाणी वतायला शिकवा तिला."

पुढं मी पैठणला गेलो तेव्हा चतुरा सासऱ्यावर खेकसत होती, "मामंजी, पाय आवरा!" आणि वरून धार सोडत होती. व्याही खुशीत होते आणि त्यांचं धोतर पांढरंशुभ्र.

इकडं आक्काही सगळ्यांना तशीच धार धरून ओतते. दाजींना तेवढा अदबीनं.