सागवानी खांब

किशोरीने चौथ्या खांबाजवळ येऊन वार्निशचा डबा उघडला आणि तिथेच थांबली. छातीच्या उंचीवर लाकडाच्या रेषा तुटल्या होत्या. वरून येणारी रेष खालच्या रेषेला मिळतच नव्हती. तांदळाच्या दाण्याएवढी बाजूला सरकली होती.

नेरे गावातल्या या फार्महाऊसचे सिमेंटचे चार खांब तिने अठरा दिवस खपून सागवानी केले होते. आधी पिवळसर रंगाचा एक हात, तो वाळल्यावर तपकिरी रंग, आणि रंग ओला असतानाच त्यावरून रबरी कंगवा ओढत लाकडाच्या रेषा. मधेमधे बोटाला फडकं गुंडाळून गाठी काढायच्या. पनवेलमध्ये हे काम हाताने करणारी आता तीच उरली होती. ओढलेली प्रत्येक रेष तिच्या लक्षात राहायची. ही रेष तिने अखंड ओढली होती.

रंग सुकताना ओढला गेला असेल, असं मनाला सांगत तिने बारीक ब्रशने रेषा जुळवल्या. मग कानामागची पेन्सिल घेऊन त्या जागेवर एक सरळ उभी रेघ मारली आणि बाकीच्या खांबांना वार्निश देऊन आली. अर्ध्या तासाने परत पाहिलं. पेन्सिलची रेघ मधोमध मोडली होती.

या खांबाला पहिल्याच दिवशी तिरकी चीर दिसली होती. तिने घरमालक हरेशशेठना दाखवली, तेव्हा ते म्हणाले होते, "प्लास्टरची आहे ताई. पुट्टी भरा आणि पुढे चला." तिने पुट्टी भरली होती.

वर मान करून तिने पाहिलं. खांबांवर पहिल्या मजल्याची गॅलरी होती आणि गॅलरीत माणसं गच्च भरली होती. हरेशशेठच्या मुलीचा, मनिषाचा, आज साखरपुडा होता. मुलाकडची मंडळी फाटकाशी पोचली होती, बाजा वाजत होता आणि तो बघायला सगळे वर कठड्याला टेकून उभे होते. मधे नटलेली मनिषा. काही पोरी ठेक्यावर उड्या मारत होत्या.

हरेशशेठ फाटकाकडे निघाले होते. किशोरीने त्यांना गाठलं.

"शेठ, चौथा खांब सरकतोय. वरच्या लोकांना खाली घ्या."

"काय बोलताय? पाहुणे दारात आहेत."

"मी पेन्सिलने रेघ मारली होती. ती अर्ध्या तासात तुटली. तुम्ही बघा तरी."

"दहा वर्षं उभा आहे तो खांब. आजच काय झालं त्याला?" त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, माझ्या पोरीचा दिवस आहे. लोकांत घबराट करू नका. पाया पडतो." आणि ते हार घेऊन पुढे गेले.

किशोरी ओरडली असती तर सगळे एकदम जिन्याकडे धावले असते. ती वळली आणि ओटीवर खुर्चीत बसलेल्या गंगाबाईंकडे गेली. गंगाबाई हरेशशेठच्या आई.

"मावशी, जरा माझ्याबरोबर येता?"

म्हातारीने तिचा चेहरा पाहिला आणि ती लगेच उठली. खांबाशी आल्यावर किशोरीने तिचं बोट धरून मोडलेल्या रेघेवर ठेवलं. गंगाबाईंनी बोट वरून खाली फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"चढ लागते गो हाताला."

"सकाळी नव्हती."

"माजी नात वर हाय," गंगाबाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. त्या अंगणात गेल्या, बाजेवाल्यांना हाताने थांबवलं आणि वर बघून म्हणाल्या, "मनिषा, खाली ये. आधी तुळशीला नमस्कार करायचा हाय. समद्यांनी या. पोरींनो, नाचू नका, देवाचं काम हाय."

जिना घराच्या मागच्या बाजूला होता. माणसं कुरकुरत, हसत, साड्या सावरत एकेक करून उतरायला लागली. किशोरी खांबापाशीच उभी होती, नजर त्या रेघेवर. मनिषा अंगणात आली. पोरी आल्या. गॅलरी रिकामी झाली असं वाटलं, तेवढ्यात कोपऱ्यात एक पांढरी टोपी दिसली. गंगाबाईंचे दीर, दादू. त्यांना ऐकू कमी यायचं. बरोबर चौथ्या खांबाच्या डोक्यावर ते खुर्ची टाकून बसले होते.

किशोरी धावत जिना चढली. गॅलरीच्या दारात आल्यावर मात्र तिने पाय हळू टाकले, भिंतीला पाठ लावून. दादूंच्या खांद्याला हात लावला. "बाबा, खाली बोलावलंय."

"जेवन वाडलं का?"

"हो. चला."

त्यांना उठायला वेळ लागला. काठी खुर्चीखाली गेली होती, ती तिने वाकून काढली. ती वाकलेली असतानाच पायाखालून आवाज आला. कट्. एखादी फांदी मोडावी तसा. तिने दादूंना जवळजवळ कवेत घेतलं आणि दारातून आत ओढलं.

दोघं खाली आली तेव्हा हरेशशेठ खांबासमोर उभे होते. सागवानी रंगाचा हातभर तुकडा सिमेंटसकट फरशीवर पडला होता. आतल्या सळ्या गंजून काडीएवढ्या झाल्या होत्या. शेठ एकेका सळीला बोट लावत होते आणि बोट लाल होत होतं. "खाडीची खारी रेती वापरली होती," ते स्वतःशीच म्हणाले. "धुवायला वेळ नव्हता."

लोक फाटकाच्या बाजूला सरकले. कुणीतरी स्लॅबखाली लावायचे लोखंडी टेकू आणायला टेम्पो पाठवला. साखरपुडा आंब्याखाली सतरंजी टाकून करायचं ठरलं.

किशोरी गंगाबाईंपुढे गेली. गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. "मावशी, ही चीर मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. शेठ म्हणाले भरा, मी भरली. वर लाकडाच्या रेषा काढल्या."

गंगाबाईंनी उरलेल्या खांबांकडे हात केला.

"बाकीच्या तिनांखाली काय हाय?"

"दोनांना चीर नव्हती. तिसऱ्याचं मला आता सांगता येत नाही."

"मंग खरवड. टेकू लागले की लगेच."

टेकू लागले. आंब्याखाली अंगठ्या घातल्या जात होत्या, तेव्हा किशोरीने रंग खरवडायची पत्री घेऊन तिसरा खांब वरपासून खरवडायला सुरुवात केली. तिच्या गाठी, तिच्या रेषा पापुद्र्यांनी खाली पडत होत्या. कमरेच्या उंचीवर पत्री अडकली. तिने फुंकर मारून धूळ उडवली. केसाएवढी चीर होती, तिरकी.

"शेठ," तिने हाक मारली, "इथेही एक टेकू लागेल."

हरेशशेठ या वेळी स्वतःच टेकू उचलून घेऊन आले.