ताटातल्या तांदळातलं नाव

देवाशपथ, गळ्याशपथ, माझ्या उरलेल्या अकरा दातांची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. अजगराचासुद्धा. इथे सिंगापुरात, चोआ चू कांगला आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये तो वेटोळं घालून बसला होता. मी विचारलं, "कितवा मजला?" आणि नऊचं बटण दाबून दिलं. घरी कुणाला पटेल तर शपथ. नात अवनी म्हणाली, "आजी, डोन्ट ब्लफ लाह." मुलगा, प्रबोध, हसलासुद्धा नाही. त्याच दिवशी त्याची नोकरी गेली होती.

बुओना व्हिस्टाचं त्याचं ऑफिसच बंद झालं. नोकरी गेली की इथे राहायचा पास जातो, आणि बायकोमुलं त्याच पासवर राहतात. तीस दिवसांत गाशा गुंडाळा. अवनीची सहावीची मोठी परीक्षा तोंडावर.

सून ऋता इंजिनिअर. इतकी वर्षं घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायची, त्यामुळे इथे तिची डिग्री कुणी कधी तपासलीच नव्हती. तिनं आठवड्यात पाया लेबारला नोकरी मिळवली. कंपनीनं तिच्या पाससाठी अर्ज टाकला. नामंजूर! चाळीस गुण लागतात, भरले तीस. डिग्रीचे दहा मिळालेच नाहीत, कारण विद्यापीठानं कळवलं, या नावाची विद्यार्थिनी आमच्याकडे कधी नव्हती.

खरंच नव्हती. शिकली ती जाई. ऋता मी केली.

लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो ना, तिथेच. माझी मोठी नणंद जाई. वीस वर्षं छळलं तिनं मला. ती रहाटाला हात लावायची तर विहिरीचं पाणी घाबरून खाली जायचं. ते नाव पुन्हा घरात? मी प्रबोधला बजावलं, "ऋता लिही." लग्न नोंदवतानाही एजंटाच्या मानगुटीवर बसून फॉर्मवर ऋताच लिहून घेतलं. पुढे पासपोर्ट त्यावरूनच निघाला. गॅझेटमध्ये द्यायचं ते राहून गेलं. लग्नानंतरच्या कुठल्या कागदावर जाई उरलीच नाही.

त्या संध्याकाळी ऋता ओट्याशी उभी होती. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या, तिनं गॅस बंद केला नाही.

"आई, माझी डिग्री माझी नाही म्हणतात," ती म्हणाली. "जाई कुठे गेली ते आता तुम्हीच सांगा."

गॅस मी बंद केला.

अपील कंपनीनंच करायचं असतं, आपल्याला करता येत नाही. कंपनीतल्या मिस लिम फोनवर म्हणाल्या, नवीन पुरावा असेल तरच करू, शुक्रवारपर्यंत आणा, नाहीतर साहेब दुसरा माणूस घेणार. गॅझेटला महिना लागला असता. पुण्याहून ऋताचा भाऊ तन्मय यानं तिचा शाळेचा दाखला आणि लग्नाच्या अल्बममधल्या ताटाचा फोटो पाठवला. विद्यापीठानं जाईची डिग्री शोधून दिली. पण जाई आणि ऋता एकच, हे शपथेवर सांगणार कोण? मिस लिम म्हणाल्या, "ज्या बाईनं नाव बदललं तिलाच आणा."

प्रबोध माझ्यासमोर येऊन बसला. "आई, हात जोडतो. एकदाच. अजगर नको, विहीर नको. सरळ बोल."

"मी कधी वाकडं बोलले रे?"

"आई!"

शुक्रवारी सकाळी एमआरटीच्या गाडीत ऋता माझ्या शेजारी बसली. पाया लेबारपर्यंत पिशवीतले कागद पुन्हा पुन्हा तपासत होती. वकिलाच्या खोलीत एसी इतका की माझी बोटं वाकेनात. तो तरुण वकील शपथपत्राचा कागद पुढे सरकवत म्हणाला, खोटं निघालं तर गुन्हा आहे, आजी. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, नाव तुम्ही बदललंत का?

मी इंग्रजीतच सांगितलं. "आय चेंज्ड. शी डिड नॉट वॉन्ट." आणि कारणही सांगितलं. ऋता मांडीवरच्या पिशवीचा बंद गुंडाळत होती. ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

पाच वाजता मिस लिमनी अपील पाठवलं. सहा आठवडे लागतील म्हणाल्या. आमची राहायची मुदत एकदा वाढवून मिळाली, पुन्हा मिळेलशी चिन्हं नव्हती. फ्रिज विकला. अवनी गादीवर पुस्तकं पसरून अभ्यास करायची, कारण टेबलही गेलं होतं. ऋता दर दहा मिनिटांनी मोबाईल उचलायची आणि पालथा ठेवायची. प्रबोध बॅगा भरायचा, मग एखादी उघडून टॉवेल काढायचा. मी कुणाला गोष्ट सांगितली नाही. बत्तीस दिवस! अवनीनं माझा ताप पाहिला.

मुदत संपायला चार दिवस असताना फोन आला. ऋतानं ऐकला, "थँक यू मिस लिम" म्हणाली आणि बॅगेवरच मटकन बसली. मिळाला पास. प्रबोध भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अवनी ओरडली, "आजी, कॅन स्टे, आह?"

जरा वेळानं ऋता म्हणाली, "पासवर ऋता असू दे. घरात मला जाई म्हणायचं. तुम्ही आधी."

म्हटलं. जीभ अडखळली, पण म्हटलं.

तर असं झालं. अजगर खरा, तांदूळ खरे, बत्तीस दिवस खरे. फक्त नणंद खोटी. मला नणंद नव्हतीच. तेरा वर्षं मी प्रबोध सोडून सगळ्यांना ती सांगत आले, आत्ता तुम्हालाही सांगितली. वकिलाला सांगितली नाही. त्याला म्हटलं, माझंही नाव असंच ताटात बदललं होतं, मला कुणी विचारलं नव्हतं, मग मी हिला कशाला विचारू? त्यानं विचारलं, तुमचं आधीचं नाव काय?

ते मला चटकन आठवेना.