हळदीच्या गाण्याखालचं नाव

मंद्रूपच्या आठवडी बाजारात बोकडंसुद्धा हळदीच्या एका गाण्याच्या ठेक्यावर पाय टाकतात, असं सांगतात. अतिशयोक्ती असेल, पण चार तालुक्यांत त्या गाण्यावाचून नवरीला हळद चढत नाही, यात तिळमात्र खोटं नाही.

हळद दळता जात्यावरी पिवळं झालं ऊन,
कुण्या घरची लेक निघाली कुण्या घरची सून.

शब्द गिरिजाबाईचे, चालही तिचीच. आवाज तेवढा पुतणसून अपेक्षाचा. पुतण्या युवराजनं सोलापुरात मोबाईलच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेऊन, भिंतींना गाद्या ठोकून ते गाणं रेकॉर्ड केलं होतं. मांडवात ते सुरू झालं, की सगळ्यात आधी गिरिजाबाईच उठायची आणि मागच्या खोलीत जाऊन बसायची. उठ म्हणून कुणी सांगायचं नाही. नऊ वर्षांपूर्वी नवरा निंगप्पा गेला, तेव्हा पहिल्या हळदीला एकदाच सांगितलं होतं, तेवढं पुरलं. सवाष्णी उखाणे घ्यायच्या, हसायच्या. ही पत्र्याकडं बघत आपलंच गाणं भिंतीपलीकडून ऐकायची.

त्या दिवशी ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. युवराज अपेक्षाला मागं बसवून मोटारसायकलवर आला. हातात प्लास्टिकची फाईल.

“काकू, आपली गाण्याची कंपनी मुंबईच्या संस्थेत चालली बघा! गाणं कुटंबी वाजू दे, हाटेलात, रेडिओवर, संस्था त्याचे हक्काचे पैसे वसूल करून देती. आपण आता म्युझिक पब्लिशर.”

“म्हंजी छापखाना काढलास व्हय रं?”

“छापखाना न्हाय ओ! गाण्याचे मालक. तुमी हितं साक्षीदार म्हणून सही करा, झालं.”

गिरिजाबाई चौथीपर्यंत शिकलेली. कागद लांब धरून तिनं एकेक अक्षर जुळवलं. ‘हे गीत मी स्वतः लिहिले व त्यास चाल दिली आहे.’ खाली नाव होतं अपेक्षा युवराज बिराजदार.

अपेक्षा जमिनीकडं बघत राहिली.

“ह्यात माझं काय हाय रं?”

“साक्ष हाय की. घरचं माणूस बरं आसतंय.” युवराजनं आवाज उतरवला. “काकू, राग नका मानू. नाव मोबाईलवर गाण्याखाली दिसतंय. हळदीचं गाणं हाय. बिनकुंकवाच्या बाईनं लिवलंय म्हणून कळलं, तर लोकं लावत्याल का?”

“आजवर लावत्यातच की. तवा न्हाय बाटलं?”

“तवा म्हाईत न्हवतं ना कुणाला! जुनं, देवाधर्माचं गाणं वाटतंय लोकांना.”

गिरिजाबाईनं एक शेंग फोडली. दाणे मात्र सुपात टाकायचे विसरली.

“लिवणारीचं नाव पुरं लिवावं लागतंय? मधल्या नावासकट?”

“व्हय. नवऱ्याच्या नावासकट.”

तिनं मुठीतले दाणे सुपात सोडले. मग म्हणाली, “नऊ वर्सं झाली, मालकाचं नाव मला कुणी इचारलं न्हाय. उखाण्याची येळ आली की मी मागच्या खोलीत. इसरले का काय, म्हणून कवाकवा पत्र्यालाच सांगते. आज एका कागदाला ते नाव पायजे हाय, तर तितंबी मी साक्षीला बसू?”

“काकू, माझी कंपनी...”

“तुझी कंपनी ऱ्हाऊ दे तुला. गाणं चालव, हक्क वसूल कर. पण लिवणारीच्या जागी मी बसणार. न्हाय तर सही न्हाय.”

युवराज अपेक्षाकडं वळला. “तू तरी कर सही!”

अपेक्षानं पेनाला टोपण लावलं. “काकूंसमोर मी खोटं लिहू? लिहायचंच तर नवऱ्यानं लिहावं की स्वतःचं नाव.”

युवराज दोन दिवस घरात जेवला नाही. म्हणजे बाहेर जेवला. तिसऱ्या दिवशी दुसरा कागद आणून त्यानं काकूपुढं आपटला. गिरिजाबाईनं साडीला हात पुसले आणि चौकटीत वेलांट्या ठसठशीत काढत लिहिलं, गिरिजाबाई निंगप्पा बिराजदार. मधल्या शब्दावर तिचा हात सगळ्यात जास्त वेळ रेंगाळला.

महिनाभरात गाण्याखाली नाव दिसू लागलं. आठवड्यात ते गावभर झालं. पुढच्याच सोमवारी शेजारच्या बजाबाईच्या नातीची, संस्कृतीची हळद होती. बजाबाई सकाळीच कुंपणाशी आली.

“गिरिजे, औंदा दुसरी गाणी लावतोय बग. वंगाळ वाटून घिऊ नगं. पोरीचं शुभकार्य हाय की.”

“बरं, आक्का.”

गिरिजाबाई आपल्या मागच्या खोलीत जाऊन बसली. कुंपणापलीकडं मांडव भरला. कुठलीशी सिनेमातली गाणी धडधडत होती. आजवर निदान भिंतीपलीकडून तिचं गाणं तरी यायचं; आज तेवढीही सोबत नव्हती. पत्रा उन्हानं तडतडत होता. ऐकायला आपलं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं.

मग वीज गेली. कर्णा मध्येच थांबला. बायका ओशाळून एकमेकींकडं बघू लागल्या, कारण हळद लावता लावता काय म्हणायचं, हे त्यांच्या तोंडाला एकच ठाऊक होतं, आणि तेच म्हणायचं नव्हतं.

त्या शांततेत मागच्या खोलीचं दार उघडलं. गिरिजाबाई उंबऱ्यावर बसली आणि तिनं आपल्या फुटक्या, जाडसर आवाजात सुरुवात केली, “हळद दळता जात्यावरी...”

हळदीनं माखलेली संस्कृती पाटावरून उठू लागली. तिचं तोंड कुंपणाकडं वळलं होतं. बजाबाईनं तिचा खांदा दाबून धरला.

गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं. पोरीच्या खांद्यावरचा तो हात अजून उचललेला नाही. तो एकट्या बजाबाईचाच आहे का, हे ज्यानं त्यानं आपापल्या घरच्या मांडवात वाकून पाहावं.