वशिंडाची म्हैस

माझ्या नवऱ्याच्या, रहमानच्या, साहेबांची बायको दोहा सोडून मायदेशी निघाली आणि जाताना घरातली पुस्तकं वाटून गेली. आमच्या वाट्याला युरोपातल्या जुन्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक आलं.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर आम्ही ते उघडलं. एका पानावर सिंह होता, पण तोंड माणसाचं. दोन्ही डोळे समोर, भुवया चढलेल्या, जणू न सांगता पाहुणे आलेत. पुढच्या पानावर म्हाताऱ्याच्या तोंडाची मांजर. मी हसून हसून लोळले. "एवढे नावाजलेले चित्रकार आणि साधी मांजर जमेना?"

"मांजर तरी दारात असेल," रहमान म्हणाला. "सिंह बिचाऱ्याने कुठे बघायचा? ऐकून काढलाय."

आमच्या नऊ वर्षांच्या लेकीने, नूरैनने, पुस्तक स्वतःकडे ओढलं. मग इंग्रजीतच म्हणाली, "म्हणजे माझी म्हैस पण अशीच झाली असेल?"

मागच्याच आठवड्यात सुट्टीवर निघालेल्या आमच्या गावच्या मजीदच्या हाती तिने नानांना, म्हणजे रत्नागिरीकडच्या माझ्या अब्बांना, चित्र पाठवलं होतं. नाना आणि त्यांची म्हैस. नूरैन तान्ही असताना तिला एकदाच गावी नेलं होतं. पुढे रजा आली की काहीतरी आड यायचंच. दर शुक्रवारी नाना फोनवर म्हशीचं कौतुक करत, त्यावरून तिने ती काढलेली. पाठीवर हे एवढं वशिंड, कारण दोह्याशेजारच्या वक्र्यात वाढलेल्या पोरीला मोठं जनावर म्हणजे उंटच ठाऊक. आणि नानांचा चेहरा आणणार कुठून? कॅमेरा दिसला की अब्बा गोठ्यात गायब.

संध्याकाळी फोन लागला. सलाम करून नूरैनने लगेच विचारलं, "नाना, पिक्चर बरोबर आहे?"

"म्हस झकास हाय. वशिंड शोभतंय तिला. पन बाजूला हा मानूस कोन?"

"तुम्ही."

"मजीद निगायच्या आत बगतो काय तरी," म्हणून अब्बांनी फोन ठेवला.

मजीद परतला तो आंब्याची साठं, म्हणजे आंबापोळ्या, आणि एक पाकीट घेऊन. पाकिटात फोटो. अब्बा म्हशीला बिलगून उभे, दोन्ही डोळे समोर, भुवया चढलेल्या. पुस्तकातला सिंह परवडला. मला हसू फुटलं आणि हसता हसता रडूही आलं.

नूरैन हसली नाही. फोटो डोळ्यांजवळ धरून तिने नानांचं नाक, कान, टक्कल सगळं नीट पाहिलं. मग नवा कागद घेतला आणि म्हशीला जागाच न ठेवता नुसते नाना काढायला बसली.