अर्ध्या मिशीची शर्त

शर्त लागली ती ग्यानोबाच्या पंक्चरच्या दुकानापुढं, आणि शर्तीला कारण काय, तर एक खड्डा.

चाकूरकडून रस्त्याच्या कडेनं खणत खणत फायबरची काळी वायर सांगवीत आली, तेव्हा किशनआबा खड्ड्याच्या काठावर असे उभे राहिले, जसं काय त्यांच्याच वावरात बोअरला पाणी लागलंय. सत्तरी गाठलेला माणूस, पण धोतर सावरत वाकून वाकून वायर बघत होता.

"ग्यान्या, पोळ्याच्या आत माझ्या घरात नेट येतंय बघ. वर्षा समोर बसल्यासारखी बोलंल."

ग्यानोबा ट्यूब पाण्यात बुचकळून बुडबुडे हुडकत होता. गावात कुणाची चप्पल झाडावर सापडली, कुणाच्या सासऱ्याला लॉटरी लागल्याचा खोटा फोन आला, की लोक आधी त्याच्या दुकानाकडं बघायचे. पन्नाशी उलटली तरी खोड गेली नव्हती. आणि मिशी म्हणाल तर अशी, की बाजारात लोक वळून बघायचे.

"आबा, ती वायर पंचायतीच्या पेटीपर्यंत येईल, चहा पिईल अन् तिथंच झोपंल. तुमच्या घरापर्यंत यायला तिला पाय हायेत का?"

"लाव शर्त!"

"लावली! नेट न्हाई आलं तर काकूचं लुगडं नेसून गिरणीवर दळण न्यायचं."

"अन् आलं तर तुझी अर्धी मिशी. सगळ्या गावापुढं. अर्धीच! सगळी काढलीस तर लोकाला वाटंल, बाप मेला. अर्धी काढली म्हंजे कळंल, शर्त हारलाय."

वैजनाथ न्हावी सायकलीत हवा भरायला आला होता. "वस्तरा माझ्याकडून फुकट," असं म्हणून त्यानं दोघांचे हात एकमेकांवर ठेवले, आणि शर्त पक्की झाली.

आबांना खूळ एकच, लेक. वर्षाराणी एकुलती एक. लातूरला शिकली, लग्न करून कॅनडाला गेली. आबांनी खाटेजवळच्या फळीवर दोन घड्याळं ठेवली होती. एकात आपला टाइम, दुसऱ्यात पोरीचा. त्या दुसऱ्याकडं बघून ते सिंधुकाकूला सांगायचे, "आता उठली असंल. आता डबा भरून राहिली असंल."

आणि फोन लागला की गंमत. सांगवीत रेंज म्हणजे रुसलेली पाव्हणी. आबा पाण्याच्या टाकीपाशी जाऊन ओरडायचे, "जेवलीस का?" पोरीचं तोंड उघडं ते उघडंच, मधी ते गोल चक्कर फिरत बसायचं. आबा वैतागून पुढचं विचारायचे, "थंडी हाय का?" तर उत्तर यायचं, "हो आबा, आत्ताच. वरणभात."

"कॅनडात वरणभाताची थंडी पडली रे!" ग्यानोबा दुकानातून बोंब ठोकायचा, आणि आख्खी गल्ली हसायची. आबाही हसायचे. मग फोन खिशात घालून खाली बघत घरी जायचे. ते फक्त ग्यानोबाला दिसायचं, कारण हसून झाल्यावरही त्याची नजर तिकडंच असायची.

"आबा, व्हिडिओ करून पाठवते की," असं वर्षा एकदा म्हणाली, तर आबा बिघडले. "फोटूशी काय बोलायचं? मी बोललो की ती बोलली पायजे. बस."

वायर पंचायतीत पोचली. नारळ फुटला, पेढे वाटले, "जगाच्या वेगानं धावणार सांगवी" असा फलक लागला. पुढच्याच आठवड्यात पाण्याच्या पायपाला खणणाऱ्या जेसीबीनं वायर तोडली. पेटीत पालीनं घर केलं. तिकडं मोबाइलवर बातम्या, की देशात आता आणखी फास्ट नेट येऊन राहिलंय. त्या बातम्याही सांगवीत दुसऱ्या दिवशी पोचायच्या.

"काकू, हिरवं लुगडं धुऊन ठेवा," ग्यानोबा येता-जाता म्हणायचा. "आबाला हिरवं खुलून दिसंल."

पण पोळा जवळ आला आणि आबांचं खाणं तुटलं. नांदेडच्या दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टरनं काकूला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा. वर्षाचे दिवस भरत आलेले. विमानात बसायला मनाई. आबांना टाकीपर्यंत जाणं सोडा, उठून बसणं होईना. पडल्या पडल्या ते दुसऱ्या घड्याळाकडं बघत राहायचे.

"ग्यान्या," एकदा ते म्हणाले, "जिंकलास की रं तू. लुगडं आण. पडल्या पडल्या नेसतो."

ग्यानोबानं टोपी उचलली आणि तडक बाहेर पडला.

तो पंचायतीत भांडला, मग तालुक्याला जाऊन भांडला. तिथं उत्तर मिळालं, "तक्रार वर पाठवली आहे."

"साहेब, वर तर आमचा आबाच निघालाय. त्याच्याच हाती द्या," असं म्हणून तो बाहेर आला, आणि पायरीवर बसून टोपीनं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी त्यानं फटफटी काढली आणि लातूर गाठलं. शिकवण्यांच्या गल्लीत, चहाच्या हॉटेलात बसला. संध्याकाळची वेळ. आजूबाजूला पोरं एका कानात लेक्चर घालून वडापाव खात होती. फोन लावला, तर वर्षा अशी लख्ख आली की तिच्या कानातली कुडी दिसली. ना चक्कर, ना काही. ज्याच्यासाठी आबा वर्षभर टाकीपाशी घसा कोरडा करत होते, ते इथं चहाबरोबर फुकट मिळत होतं.

ग्यानोबानं बेत सांगितला. वर्षा आधी रडली.

"रडून घे माय. मग तोंड धू. आबा तीनच गोष्टी विचारतेत, अन् त्याच क्रमानं. जेवलीस का, थंडी हाय का, तब्येत कशी हाय. आधी गप ऱ्हायचं, कान दिल्यासारखं. मग उत्तर द्यायचं. परत गप. शेवटी नुसती हसत बस."

तिनं तसा व्हिडिओ केला. ग्यानोबाचा चहा संपायच्या आत तो मोबाइलवर येऊन पडला.

सकाळी गल्ली कामाला लागली. निंबाच्या झाडावरून खिडकीपर्यंत वायरचा तुकडा ताणला. जुन्या डिशचा डबा भिंतीला ठोकला, त्याचा दिवा लावला. सिंधुकाकूला मात्र सांगितलं नाही, तिला खोटं झेपलं नसतं.

"आबा, नेट आलं!" ग्यानोबा आत शिरला. "मिशीवर संक्रांत आली माझ्या. घ्या, बोला पोरीशी."

मोबाइल त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. वर्षा हसत होती. "आबा!"

आबांचे ओठ हलले. "जेवलीस का?"

वर्षानं कान दिला, आणि म्हणाली, "हो आबा. आत्ताच. वरणभात."

काकूनं तोंडाला पदर लावला. थंडीचं विचारून झालं, तब्येतीचंही झालं. वर्षानं उभं राहून पोट दाखवलं, म्हणाली, "बघा, तुमच्यासारखं हट्टी हाय, लाथा मारतंय." आबांचा हात पडद्याकडं गेला. दारात उभी असलेली गल्ली टाचा उंचावून बघत होती.

आणि मग आबांनी चौथंच विचारलं.

"वर्षे, मी गेल्यावर तुझ्या आईकडं बघशील ना गं?"

पडद्यावरची वर्षा नुसती हसत बसली. ग्यानोबानं अंगठा दाबून व्हिडिओ थांबवला. "अडकलं! मेलं परत अडकलं बघा!"

आबा थांबलेल्या चित्राकडं बघत राहिले. वर्षाच्या मागं खिडकी होती, खिडकीत पिवळं धमक ऊन. मग त्यांनी मान वळवून फळीवरच्या दुसऱ्या घड्याळाकडं बघितलं. पोरीकडं रात्रीचे अकरा वाजत आले होते.

ग्यानोबानंही बघितलं. वायर, डबा, दिवा, क्रम, सगळं जमवलं होतं त्यानं. सूर्य तेवढा विसरला.

आबांनी त्याचं मनगट धरलं. हातात जोर नव्हता.

"सिंधूला बोलू नको," ते हळूच म्हणाले. मग दारातल्यांना ऐकू जाईल असं, "हारलास ग्यान्या!"

"हाव आबा. हारलो."

"गावापुढं."

"गावापुढं."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आबा गेले. पुतण्यानं अग्नी दिला. दहाव्याला सगळा गाव नदीवर जमला. भाऊबंद ओळीनं बसले, वैजनाथ एकेकाची डोई-मिशी उतरवत गेला. ओळ संपली आणि ग्यानोबा पुढं येऊन बसला.

"तू कोण लागतोस रं त्याचा?" भावकीतल्या एकानं विचारलं.

"हारलेला," ग्यानोबा म्हणाला. "वैजनाथा, आधी अर्धी. शर्तीची. मग दुसरी. ती आबाची."

वैजनाथनं वस्तरा चालवला. अर्धी मिशी उतरली. गालाची एक बाजू उघडी, दुसरीकडं झुपकेदार मिशी, असा तो उभा राहून सगळ्यांकडं वळला. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग पोटभर हसू आलं सगळ्यांना, आणि हसता हसता सिंधुकाकू हमसून हमसून रडायला लागली.

"फोटू काढ कुणीतरी," ती म्हणाली. "वर्षाला पाठवा. आबा जिंकल्याचं तिला बघू द्या."

फोटो काढला, पाठवला. वैजनाथनं दुसऱ्या बाजूला पाणी लावलं.

"थांब," ग्यानोबा म्हणाला. "गेला का न्हाई बघू दे आधी. न्हाई गेला तर परत काढावा लागंल."

तो अर्ध्या मिशीनं उन्हात बसून राहिला. हातात मोबाइल, मोबाइलवर ते गोल चक्कर. वैजनाथ वस्तरा धरून उभा, आणि सगळा गाव भोवती वाकून, चक्कर थांबायची वाट बघत.