फी भरलेली लिफ्ट

सांगतो त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, पैज लावतो. समोरचा घड्याळवाला तर आत्तापासूनच मिशीत हसतोय. हस बाबा, पण गोष्ट संपेपर्यंत जागचा हलू नकोस.

आपल्यासारख्याच एका शहरात लिफ्ट तपासणारा एक सरकारी तपासनीस होता. सगळे त्याला कानसेन म्हणत. लिफ्टच्या भिंतीला कान लावला की कुठला दोर विरलाय, कुठलं चाक घासतंय, हे त्याला कळे. रस्त्याच्या वळणावर उभा राहून तो चौथ्या मजल्यावरच्या लिफ्टचा खोकला ओळखायचा. त्याच्या खात्याची रीतही कडक होती. लिफ्टमध्ये लोखंडी वजनं भरायची, ती वर न्यायची, खाली आणायची, आणि त्या वजनांसोबत तपासनिसाने स्वतः उभं राहायचं. आपला जीव टांगल्याशिवाय सही नाही!

मग त्या वर्षीचा अर्थसंकल्प आला. घरोघरी एकच चर्चा, काय स्वस्त झालं आणि काय महाग. सोबतच्या विधेयकाच्या शेपटाकडे कोण बघतो? पण विष शेपटातच होतं. इमारती जी तपासणीची फी भरत, ती एका वेगळ्या सुरक्षा निधीत जमायची. तपासनिसांचा पगार, गाडी, वजनं, सगळं त्यातून. एका कलमाने तो निधी सरकारच्या सामायिक तिजोरीत ओतला. फी मात्र वाढवली. आणि खात्याचा नियम बदलला: जाऊन बघायची गरज नाही, ‘आमची लिफ्ट ठीक आहे’ असं मालकाने लिहून दिलं की मंजुरी.

वजनं लिलावात एका व्यायामशाळेने घेतली. तिथल्या पोरांचे दंड असे फुगले की दारं रुंद करावी लागली, पण ते असो. कानसेन खूश होता. अंधारी यंत्रखोली नको, कपड्यांना वंगण नको. खुर्चीत बसायचं आणि शिक्का मारायचा.

त्याची थोरली बहीण सातव्या मजल्यावर शिवणकाम करून राहायची. गुडघे गेलेले, लिफ्ट हेच तिचे पाय. एका रविवारी तो तिच्याकडे गेला, तो धापा टाकतच आत शिरला. ताईने मशीन थांबवलं.

“जिन्याने का आलास रे?”

“असंच. व्यायाम.”

“आयुष्यात कधी केला नाहीस तो?” ताई म्हणाली. “लिफ्ट कण्हते, मीही ऐकते. तुझ्या कानाला खालीच कळलं. तरी मंजुरी दिलीस.”

त्याने नियम सांगितला. फी भरलेली आहे, मालकाने लिहून दिलंय, नियमाबाहेर जाऊन तपासलं तर आपल्यावरच चौकशी लागेल.

“फी दोराला बांधली आहे का? आम्ही पैसे भरले ते कुणीतरी दोर बघावा म्हणून. ते दुसरीकडे वळवले, तेव्हा तू काय करत होतास?”

कानसेन खाली बघत म्हणाला, “काय स्वस्त झालं ते बघत होतो.”

ताईने दातांनी दोरा तोडला आणि पुन्हा मशीनला पाय लावला. तो उतरला, तेही जिन्याने. साहेबांशी बोलू, असं त्याने ठरवलं. साहेब रजेवर होते. मग बोलायचं राहूनच गेलं. लिफ्ट तोवर इतकी कण्हायला लागली की शेजारच्या इमारतीतले लोक तिच्यासाठी औषध घेऊन आले.

एका सकाळी ताई शिवलेले गणवेश पोचवायला निघाली. दोर तुटला.

इथे मला काही वाढवून सांगता येत नाही. ताई गेली.

कानसेनने तो तुटका दोर खांद्यावर टाकला आणि विधिमंडळाची वाट धरली. दोर एवढा लांब, की एक टोक सभागृहाच्या दाराशी पोचलं तरी दुसरं ताईच्या उंबऱ्यावरच होतं. दारात उभा राहून तो म्हणाला, “मला कान होते, तरी मी बहिरा झालो. आपला पैसा कुठून निघाला आणि कुठे गेला, हे जो विचारत नाही, त्याच्या पायाखालची लिफ्ट एक दिवस सुटतेच!”

आणि काय सांगू! एकूण एक सदस्याने विधेयक उघडलं, शेपटापासून वाचायला घेतलं, प्रत्येक कलम मोठ्याने वाचलं. निधी परत वेगळा काढला, वजनं व्यायामशाळेतून परत आली, आणि...

“थांबा आजोबा.” घड्याळवाला उठून उभा राहिला होता. हसत नव्हता. “औषधाचं पटलं. दोराचंही पटवून घेतलं. पण सगळ्यांनी बसून विधेयक वाचलं, ही थाप आहे. ते वाचणार नाहीत. आमच्याही इमारतीची फी भरलेली आहे, आणि आई रोज त्या लिफ्टने जाते. आपल्याकडचं ते विधेयक वाचायला कुठे मिळतं, तेवढं खरं सांगा.”