दंडारीतल्या साहेबाचा टोप

देश स्वतंत्र झाला तरी दवनीवाड्यात इंग्रजांचं राज्य दरवर्षी एक दिवस चालू राहिलं. दिवाळीनंतर मंडई नावाची जत्रा भरायची. घराघरांत पाहुणे मावेनासे व्हायचे, रस्त्यावर उसाच्या मोळ्या नि शिंगाड्यांचे ढीग यायचे, आणि दुपारची जेवणं उरकली की चौकात ढोलकी वाजून दंडारीचं सोंगनाट्य उभं राहायचं. दंडारीत जंगलसाहेब यायचा, गवत कापणाऱ्या शेतकऱ्याला चाबकानं बडवायचा. मग शेतकरी उलटायचा, साहेबाचा टोप हिसकून लाथेनं उडवायचा आणि साहेबाला पार नाल्यापर्यंत पिटाळायचा. चहाच्या वेळेपर्यंत भारत पुन्हा स्वतंत्र झालेला असायचा.

हा साहेब म्हणजे रेवाराम कटरे. एरवी हा अत्यंत गरीब माणूस. घरात त्याला कोणी काही विचारत नसे, सांगत असत. बायको रामकली ‘जेवता का?’ म्हणायची नाही, ‘जेवून घ्या’ म्हणायची. रंग धानाच्या बांधीतल्या चिखलाचा. पण मंडईच्या दिवशी तोंडाला सफेदा चोपडून, खाकी टोप चढवून तो चौकात उतरला की पोरं आयांच्या पदरात शिरायची.

त्याचं इंग्रजी हा तर पंचक्रोशीत कौतुकाचा विषय होता. ते त्यानं खताच्या पोत्यांवरून उचललं होतं. चाबूक उगारून, डोळे वटारून तो ओरडायचा, “सिंगल! सुपर! फॉस्फेट!” आणि म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर काटा यायचा. त्यातल्या काहींनी खरे इंग्रज पाहिले होते. ते सांगत, हुबेहूब असेच बोलायचे.

दंडारीत एक कायदा होता, आणि तो कोणत्याही सरकारच्या कायद्यापेक्षा कडक होता. ज्याच्या डोक्यावर टोप चढला, सोंग त्याचं. शेतकऱ्याचा पटका चढला तर शेतकऱ्याचं सोंग त्याचं. एकदा विदूषकाची टोपी एका जावयानं गमतीत घालून पाहिली. तेव्हापासून तो बिचारा दर मंडईला बालाघाटहून येतो आणि कोलांट्या उड्या मारून जातो. आधीचे साहेब उस्ताद चुन्नीलाल यांनी मरण्याआधी स्वतःच्या हातानं रेवारामच्या डोक्यावर टोप ठेवला, त्याला वीसेक वर्षं झाली. एका वर्षी तर रेवाराम हिवतापानं थडथडत चौकात उभा राहिला, पण टोप दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊ दिला नाही. लोकांना वाटलं, साहेब रागानं कापतो आहे. ती मंडई लोक आजही आठवतात.

आणि दोन हजार आठ साली, ऐन मंडईच्या तोंडावर, गावात एक खरा इंग्रज आला.

नाव नायजेल. भूगोलाचा निवृत्त मास्तर. सारस पक्षी बघायला म्हणून गोंदियात उतरला होता आणि धानाच्या बांध्या तुडवत दवनीवाड्यापर्यंत पोचला. रेवारामची सून योगेश्वरी शाळेत इंग्रजी शिकवायची. तिनं त्याला घरी आणून चहा पाजला, तेव्हा उलगडा झाला की याचा आजा याच भागात जंगलचा साहेब होता. नायजेलनं बरीच पुस्तकं वाचली होती. आपल्या पूर्वजांनी इथं काय काय केलं ते त्याला पाठ होतं, आणि लोक आपल्यावर संतापतील अशी पूर्ण तयारी करून तो आला होता. हिंदीत त्यानं दोनच गोष्टी शिकून घेतल्या होत्या, ‘नमस्ते’ आणि ‘माफ कीजिए’.

संतापायला कोणी तयार होईना. जो भेटेल तो शिंगाडे खायला घाली. नायजेल छातीवर हात ठेवून “माफ कीजिए” म्हणे, तर बाया एकमेकींना विचारत, “याच्या घरी कोनी वारलं का व?” एका म्हाताऱ्यानं तर योगेश्वरीमार्फत त्याच्याकडे तक्रारच नोंदवली. तुमच्या वेळचा पूल अजून उभा आहे, आमचा दोन पावसाळ्यांत वाहून गेला, तर येऊन जरा बघून जा.

मंडई कमिटीचा अध्यक्ष भुवनेश्वर बिसेन. याला दूरचं दिसायचं आणि जवळचं दिसायचं नाही. त्यानं त्याच संध्याकाळी बैठक घेतली.

“गावात खरा इंग्रज येऊन राहिला, आन आपून सफेदा लावलेला कायले नाचवाचा? पेपरात फोटो येईन गा!”

बैठक रेवारामकडे बघेना.

“पन टोप एकदा चढला तं सोंग त्याचं होते, भुवनेश्वरभाऊ,” रेवाराम म्हणाला.

“होऊ दे ना. तुले कायचा तरास? तू आता आराम कर.”

आराम कर म्हणणं म्हणजे काय असतं, ते निवृत्त माणसालाच कळतं.

नायजेलला विचारलं तर तो गंभीर झाला. आजोबांचं पाप चार लोकांसमोर करून दाखवायचं, हे त्याला प्रायश्चित्तासारखं वाटलं. तो हो म्हणाला. आणि त्याला इंग्रज व्हायला शिकवायचं काम कमिटीनं रेवारामवर सोपवलं, कारण गावात दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं.

“शिकवा उलटंसुलटं,” रामकली म्हणाली. “पडन तोंडावर.”

“उस्तादाचं सोंग आहे,” रेवाराम म्हणाला. “उलटं शिकवलं तं वर बसून शिव्या देईन.”

मग अंगणात शिकवणी सुरू झाली. मधे योगेश्वरी उभी. रेवारामनं छाती काढून चालून दाखवलं. नायजेल चालला, तर वाटेतल्या कोंबडीला त्यानं वळसा घातला.

“सांग त्याले, साहेब वळत नाही. कोंबडी वळते.”

नायजेलनं पायातल्या वहाणा नीट केल्या आणि शेतकऱ्याला कसं बोलवायचं ते म्हणून दाखवलं. त्यात एक ‘प्लीज’ होतं.

“साहेब प्लीज म्हनत नाही.”

योगेश्वरीनं उत्तर आणलं. “मामाजी, तो म्हनते, आमी म्हनतो.”

“तुमी म्हनत असान,” रेवाराम शांतपणे म्हणाला. “साहेब नाही म्हनत.”

नायजेलनं ते वहीत लिहून घेतलं. नंतर त्यानं विचारलं, सिंगल सुपर फॉस्फेट या शब्दांचा इथं नेमका अर्थ काय?

“अर्थ नाही त्याचा. धाक आहे.”

मंडईचा दिवस उजाडला. चौकात ही गर्दी. उदाराम नेहमीप्रमाणे शेतकरी होऊन, डोक्याला लाल पटका बांधून, विळा घेऊन बसला. हा रेवारामचा लंगोटीयार. वीसेक वर्षं त्यानं रेवारामचा मार खाल्ला होता. चाबूक सुतळीचा, त्यानं लागत काही नसे, पण उदाराम असा विव्हळायचा की सासरी गेलेल्या पोरी ते ऐकायला माहेरी यायच्या. भुवनेश्वरनं नायजेलच्या डोक्यावर टोप ठेवला. गर्दीच्या मागं, उसाच्या मोळ्यांना टेकून, बोडक्या डोक्यानं उभ्या असलेल्या रेवारामनं तो टोप चढताना पाहिला आणि शिंगाडा तोंडात तसाच धरून ठेवला.

नायजेल चौकात आला. टाळ्यांचा कडकडाट झाला. उदाराम थरथर कापू लागला. नायजेलनं चाबूक उचलला, खाली वाकलेल्या त्या म्हाताऱ्या पाठीकडे पाहिलं आणि त्याचा हात हवेतच राहिला.

“मार ना,” उदाराम तोंडातल्या तोंडात म्हणाला. “मार, साहेब! पब्लिक पाहून राहिली!”

नायजेलनं गुडघे टेकले. “माफ कीजिए,” तो म्हणाला.

ढोलकी थांबली.

“हा कोनचा इंग्रज?” एक आजी मोठ्यानं म्हणाली. “हा तं जावई दिसते.”

“माफीच मागतली तं मंग हाकलाचं कोनाले?” मागून कोणीतरी ओरडलं. प्रश्न रास्त होता. पहिल्या फटक्याआधीच साहेब पाया पडला तर स्वातंत्र्य मिळवायचं कोणाकडून?

भुवनेश्वरला घाम फुटला. तेवढ्यात नायजेलनं, डोळ्यांत पाणी आणून, स्वतःच्या डोक्यावरचा टोप काढला आणि आदरानं उदारामच्या डोक्यावर ठेवला. उदारामचा पटका घेऊन त्यानं स्वतःच्या डोक्याला गुंडाळला.

चौकात टाचणी पडली असती तर ती कोणाची हेही कळलं असतं. टोप चढला होता. कायद्यानं साहेब आता उदाराम होता.

उदारामनं हात वर नेऊन टोप चाचपला. मग त्याची पाठ हळूहळू सरळ झाली. ती इतकी लांब आहे हे त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं. त्यानं नायजेलच्या हातातला चाबूक काढून घेतला.

“कोन कापलं बे हे गवत?” तो गरजला. आणि नायजेलच्या पाठीवर सुतळी फाडकन वाजली. “सिंगल! सुपर! फॉस्फेट!”

चौक दणाणून उठला. रेवाराम कधी झाला नव्हता इतका उदाराम साहेब झाला. त्यानं कोंबड्या मागितल्या, बकरं मागितलं, पाय चेपून मागितले. भुवनेश्वरला खुर्चीवरून उठवून विचारलं, बांधाचं पाणी पहिले तुझ्या बांधीत कसं जाते? हे दंडारीत नव्हतं, पण लोकांना आवडलं. इकडे नायजेल पटका सावरत मार खात होता. शेतकऱ्यानं आता उलटायचं असतं, हे तो विसरूनच गेला. त्याला वाटत होतं हे बरोबरच चाललं आहे. प्रत्येक फटक्याला तो “थँक यू” म्हणत होता.

ढोलकीवाल्याचे हात भरून आले. चहाची वेळ टळायला लागली. स्वातंत्र्याचं कुठं नाव नाही.

भुवनेश्वर धावत उसाच्या मोळ्यांपाशी आला. “रेवाराम, काही कर गा! हा उदाराम तं काही केल्या उतरून नाही राहिला!”

“मी कोन करनारा?” रेवाराम म्हणाला. “माया डोक्यावर ना टोप, ना पटका.”

बाजूला योगेश्वरी उभी होती. ती म्हणाली, “मामाजी, डोक्यावर काही नाही तं तुमी पब्लिक झाले ना! पब्लिकले कोन अडवते?”

रेवारामनं तोंडातला शिंगाडा गिळला. तो गर्दीतून वाट काढत चौकात गेला आणि उदारामच्या डोक्यावरचा टोप त्यानं फटकन हिसकला.

“लाथ मार!” सगळा गाव ओरडला. रीत तीच होती. टोप खाली टाकायचा आणि लाथेनं उडवायचा.

रेवारामनं टोप खाली धरला. पायही उचलला. खाकी कापडाच्या कडेला उस्ताद चुन्नीलालच्या घामाचा जुना डाग होता, त्याला लागून त्याचा स्वतःचा. पाय तसाच खाली आला. त्यानं टोप झटकला आणि आपल्या डोक्यावर ठेवला.

मग उदारामच पहिल्यांदा हसला, आणि त्याच्यामागं सगळी मंडई. रेवारामनं छाती काढली. वर्षभराची कोंडलेली हवा एकदम सुटावी तसा तो गरजला, “युरिया! डीएपी! म्युरेट ऑफ पोटॅश!” आणि उदारामच्या हातातून ओढून घेतलेला चाबूक हवेत असा कडाडला की बालाघाटचा जावई न सांगता कोलांटी उडी मारून बसला. दुसरा फटका नायजेलच्या कानाजवळून गेला. तिसऱ्याला नायजेलचा आयुष्यभराचा सभ्यपणा संपला.

“हे फार झालं!” अशा अर्थाचं काहीतरी तो आपल्या भाषेत ओरडला, विळा उचलला आणि साहेबाच्या मागं लागला. उदारामही धावला. त्यांच्यामागं ढोलकी, टाळ, बाया, पोरं, उसाची कांडी हातात घेतलेले पाहुणे. रेवाराम दोन्ही हातांनी डोक्यावरचा टोप घट्ट धरून नाल्याकडे सुसाट सुटला. डोक्यावर टोप असताना पळून गेलेला दवनीवाड्याच्या इतिहासातला तो पहिला साहेब. स्वातंत्र्य अंमळ उशिरा मिळालं, पण मिळालं.

नाल्याकाठी सगळे धापा टाकत बसले. चहा आला.

“पन एक सांगा,” उदाराम बशी फुंकत म्हणाला. “टोप याच्या डोक्यावर. पटका त्या गोऱ्याच्या डोक्यावर. मंग मी कोन?”

हा पेच खरा होता. कमिटीनं तिथंच बैठक घेतली.

“साहेब गेल्यावर जंगलात कोन आलं होतं?” भुवनेश्वरनं विचारलं.

“नाकेदार,” दोघंतिघं एकदम म्हणाले. जंगलखात्याचा नाकेदार सगळ्यांच्याच ओळखीचा होता.

“तं उदाराम पुढच्या सालपासून नाकेदार. साहेब नाल्यापार गेला का तू आतमंदी ये.”

“मारता येईन?”

“मंग? गवत तं तेच आहे ना.”

उदारामचं समाधान झालं.

नायजेल पटक्याला हात लावून योगेश्वरीला विचारत होता, म्हणजे मला दरवर्षी यावं लागेल का? योगेश्वरीनं बालाघाटच्या जावयाकडे बोट दाखवलं. जावयानं मान हलवली. नायजेलचा चेहरा हळूहळू उजळला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्याला कोणीतरी नेमणूक दिली होती.

“सांग त्याले,” रेवाराम म्हणाला, “माफी मागाची असन तं दंडार झाल्यावर मागजो. आदी मार खायचा, मंग हाकलाचं, मंग चहा. मधात घाई नाही कराची.”

परतताना योगेश्वरी एकदम थांबली. “मामाजी, तुमी आज सफेदा लावलाच नव्हता!”

रेवारामनं गालावरून हात फिरवला. हाताला नुसती धूळ लागली. “कोनाच्या ध्यानात आलं?”

तिनं आठवून पाहिलं. “कोनाच्याच नाही.”

“टोप होता ना,” रेवाराम म्हणाला.

घरी आला तेव्हाही तो टोप डोक्यावरच होता. रामकली चुलीपाशी होती. तिनं वर न बघताच सांगितलं, “हातपाय धुऊन घ्या.”

रेवारामनं छाती काढली, डोळे वटारले. “सिंगल…” त्यानं सुरुवात केली.

रामकलीनं वर पाहिलं.

साहेबानं टोप काढून खुंटीला लावला आणि तो हातपाय धुवायला गेला.